ही तीच गाडी कशावरून?

पेन्शनवाल्या माणसाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो हयात आहे एवढंच सरकारला पुरतं. तो तोच आहे का, पूर्वीसारखा राहिलाय का, असल्या खोलात कुणी शिरत नाही. दुचाकीचं नशीब एवढं चांगलं नाही. रजिस्ट्रेशनची 15 वर्षं संपली की ती गाडी आहे आणि वर तीच गाडी आहे, हे दोन्ही दाखवावं लागतं, आणि पुढे दर 5 वर्षांनी पुन्हा. नमुना 25 भरा, विमा नि पीयूसी जोडा, पर्यावरण कर भरा (आमच्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या मागे एकदा उभं राहिलेल्या माणसाला हा कर फारच सौम्य वाटेल) आणि गाडी तपासणीला आणा.

बाबांच्या स्कूटरबाबत पहिली गोष्ट सोपी होती. ती गाडी आहे हे दोन गल्ल्या पलीकडेही ऐकू येतं. घोडं अडलं होतं ते ‘तीच’पाशी.

तिच्यात तेव्हाचं राहिलंय तरी काय? सीट बदलली, हँडल बदललं, पुढचा मडगार्ड एका म्हशीमुळे बदलला. क्लच प्लेटा आणि केबली मोजण्यात अर्थ नाही. इंजिन दुसरं आहे, रीतसर आरसी बुकात चढवून घेतलेलं. रंग मूळचा करडा होता, मग निळा झाला, मग पेंटरकडे जो शिल्लक होता तो. डाव्या बाजूच्या डिकीला मोठा पोचा होता, मी दहावीत असताना फाटकाला घासून आणलेला. ती डिकीही मेस्त्रीने काढून नवी बसवली.

ग्रीक लोकांकडे ही भानगड फार जुनी. थीसियस या आपल्या पुराणातल्या वीराचं तीस वल्ह्यांचं जहाज अथेन्सकरांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की तिच्या जागी नवी बसवायची. प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय की त्यावरून तिथल्या तत्त्वज्ञांत दोन तट पडले. एक म्हणे जहाज तेच, दुसरा म्हणे नव्हे. मला या मंडळींचा हेवा वाटतो. त्यांना ते जहाज सोमवारी सकाळी दहाच्या आत आरटीओत हजर करायचं नव्हतं.

आपल्याकडचे वैशेषिक, म्हणजे कणाद ऋषीच्या परंपरेतले तत्त्वज्ञ, तर आणखी कडक. त्यांच्या मते कापड म्हणजे नुसती धाग्यांची बेरीज नव्हे, कापड ही वेगळीच वस्तू. आणि म्हणूनच त्यातला एक धागा काढला की जुनं कापड नष्ट होतं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं जन्माला येतं. रांगेत उभं राहून पाय दुखायला लागले तेव्हा मला यात चांगलीच पळवाट दिसली. माझा नंबर आल्यावर मी इन्स्पेक्टरसाहेबांना म्हटलं, “साहेब, परवाच क्लचची केबल बदललीय. म्हणजे शास्त्राप्रमाणे बघितलं तर ही गाडी परवाची. पंधरा वर्षांचा प्रश्नच येत नाही.”

साहेबांनी मान वर केली नाही. “मग नव्या गाडीचा रोड टॅक्स भरा,” म्हणाले.

कणादाच्या परंपरेला इतकं थोडक्यात कुणी उत्तर दिलं असेल असं वाटत नाही.

साहेबांनी इंजिन नंबर बुकाशी ताडला. सीट, हँडल, रंग यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “चेसिस नंबर दाखवा.” आता, या जातीच्या स्कूटरला आत वेगळा सांगाडा नसतो, पत्र्याचं अंग हाच सांगाडा आणि त्याच पत्र्यावर नंबर ठोकलेला. तो होता इंजिनाच्या बाजूला, रंगाच्या साऱ्या थरांखाली आणि त्यावर ऑइल नि धूळ मिळून झालेल्या खरपुडीखाली. एका एजंटकडून रॉकेलचा बोळा मिळाला, दुसऱ्याकडून पॉलिश पेपरचा तुकडा, आणि मी जमिनीवर उकिडवा बसून घासायला लागलो. आधी शेवटचा रंग गेला, मग निळा, मग करडा. बाबांची नोकरी, माझं कॉलेज, सगळं उलट्या क्रमाने खरवडून निघालं. खाली एक आकडा उमटला. तो 3 आहे की 8, यावर मागच्या रांगेतल्या लोकांनी मत दिलं. मग कोरा कागद वर धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. कागदावर एकेक अक्षर पांढरं उठत गेलं.

साहेबांनी कागद उजेडात धरला. “हां. हीच गाडी.”

अ‍ॅरिस्टॉटलपासून लोक वस्तूचं सार शोधताहेत, आणि आमच्या स्कूटरचं सार चार बोटं पत्र्यात निघालं. मला राहवेना. “साहेब, समजा हा तुकडा गंजून पडला, तर?”

“मग गाडी नाही.”

“आणि बाकीची सगळी?”

“भंगार.”

मेस्त्रीला हे पटलं नाही. अर्थात त्याची दृष्टी व्यापक आहे. मी त्याच्यावर भदंत नागसेनाचा प्रयोग करून पाहिला होता. नागसेन म्हणजे मिलिंद राजाच्या प्रश्नांना उत्तरं देणारा बौद्ध भिक्खू. मिलिंद हा ग्रीक राजा, मिनँडर. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचं नाव बाबासाहेबांनी यावरूनच ठेवलं. हा मिलिंद नागसेनाकडे रथातून आला, तर नागसेनाने विचारलं, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, चाबूक? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग रथ आहे कुठे? मी मेस्त्रीला विचारलं, “हँडल म्हणजे गाडी का?” तो नाही म्हणाला. चाकं? नाही. इंजिन? जरा विचार करून, नाही. “मग गाडी कुठाय?”

“दारात उभीय साहेब, जरा बाजूला घ्या, टेम्पो आत घ्यायचाय.”

या मेस्त्रीचा एक गुण म्हणजे तो काही फेकत नाही. हॉब्ज नावाच्या इंग्रजाने 1655 साली थीसियसच्या जहाजात आणखी एक पाचर मारून ठेवली होती: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी सांभाळून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कोणतं? हॉब्जने नुसती कल्पना केली. आमच्या मेस्त्रीच्या भाच्याने ते करून दाखवलं. कुठल्याशा गाडीच्या अंगावर त्याने आमचं जुनं इंजिन बोअर करून बसवलं, तेही बुकात चढवून. आमची सीट घातली, फाटलेल्या जागी माझ्या आईने शिवलेल्या ठिगळासकट. आणि पोचा पडलेली डावी डिकी.

शिक्कामोर्तब झालेली आमची स्कूटर मी अंगणात आणून लावली. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फटफटाट झाला. बाबांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, “आपली गाडी आली. फाटक उघड.”

“बाबा, आपली गाडी तुमच्यासमोर उभी आहे. आत्ताच पास करून आणली.”

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग गल्लीकडे कान दिला. “ही आरटीओची,” ते म्हणाले. “आपली ती येतेय.”

मेस्त्रीचा भाचा उरलेले पैसे न्यायला आला होता. मी पाकीट आणायला आत वळलो, तोवर बाबा उठून त्याच्या गाडीपाशी पोचलेही होते.

“ऑइल कमी घाल रे,” ते त्याला सांगत होते. “तिला एवढं चालत नाही, प्लग काळा पडतो. आणि एका किकेत घेत नाही म्हणून चोक ओढू नकोस. आधी जरा तिरकी कर.”