दंडाची रक्कम आणि वेगाचे गणित

वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांचा दंड वाढवला की अपघातातील जखमींची संख्या आपोआप घटेल, असा सूर असलेला एक लेख वाचला आणि तो सूर मला अर्धाच पटतो. पकडले जाण्याची खात्री नसेल तर दंड कितीही जबर असला तरी चालक त्याला भीक घालत नाहीत. ठरावीक चौकातच तपासणी होत असेल, तर सीटबेल्टही तेवढ्या चौकापुरताच लावला जातो. कायदा निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये सीटबेल्टची सक्ती केली, त्यानंतर तेथे मोटारीतील प्रवाशांचे मृत्यू घटले.

त्या लेखातून निसटले आहे ते वेगाचे गणित. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीपुढे १४ मीटरवर चेंडूमागे धावणारे मूल आले, तर चालकाला भानावर यायला एक सेकंद लागला असे धरूनही कोरड्या रस्त्यावर गाडी मुलाच्या अलीकडे थांबू शकते. वेग ५० असेल, तर त्या एका सेकंदातच ती जवळजवळ १४ मीटर कापते, म्हणजे ब्रेक लागतो न लागतो तोच धडक बसते. चालक दोन्ही वेळी तितकाच सावध असतो, हे विशेष.

माणूस चुकणारच, हे गृहीत धरून स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यावर कोणी मरू नये वा गंभीर जखमी होऊ नये, असे ध्येय ठेवणारे ‘व्हिजन झीरो’ धोरण स्वीकारले आणि पुढे तेथील अनेक रस्त्यांवर समोरासमोरची धडक टाळण्यासाठी मधोमध तारांचे कठडे आले. शिवाय, धोरणाचे यश मोजताना केवळ पोलिसांच्या नोंदी पाहिल्या, तर एकटेच घसरून पडलेले कितीतरी सायकलस्वार हिशेबातच येत नाहीत. रुग्णालयांच्या नोंदी त्यांना जोडायला हव्यात.