ढवळू नये अशी विनंती

मे महिना. शाळा बंद, घरोघरी भाचरं जमलेली, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकतं. उंच काचेचा ग्लास. तळाशी लाल, मध्ये पांढरट, वर निळं, आणि रंगांच्या मध्ये चोख रेघ. खाली मजकूर : ‘मुलांच्या पार्टीला हे करू या का? एकदम सोप्पंय!’ असा मजकूर टाकणारी व्यक्ती पार्टीच्या दिवशी हमखास गावाला गेलेली असते. मागे उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

थरांचं सरबत म्हणजे न ढवळलेलं सरबत. यापलीकडे त्यात काहीही नाही. अडचण एवढीच की आपल्याकडे सरबताचा जन्मच ढवळण्यातून होतो. चमचा ढवळायला, बर्फ ढवळायला, स्ट्रॉ ढवळायला, आणि समोर ग्लास आला की ‘अगं, ढवळ नीट, खाली साखर बसली असेल’ म्हणणाऱ्या आज्या तर घरटी एक. एवढ्या सगळ्यांच्या विरोधात आपल्या बाजूने लढायला असते ती एकटी साखर. त्यामुळे ती भरभक्कम हवी आणि हिशोबाने हवी.

रंगाचा आणि थरांचा काडीचाही संबंध नाही. थर बसतो वजनावर. शंभर मिली पाणी शंभर ग्रॅम भरतं. त्यात वजनाने 40 टक्के साखर असेल तर तेवढंच माप साधारण 118 ग्रॅम भरतं, 65 टक्के असेल तर 131. जड ते खाली, हलकं ते वर. सोसायटीच्या भाषेत : सर्वांत गोड बिऱ्हाड तळमजल्यावर, बेताचं पहिल्यावर, आणि बिनसाखरेचं गच्चीवर. शुगर-फ्री गोळी घातलेलं पेयसुद्धा गच्चीवरच जातं, ते जिभेला कितीही गोड लागो. ती गोळी चिमटीएवढी असते, तिचं वजन ते काय! ‘दोन्ही गोडच आहेत, मग एक वर कसं?’ यावर पार्टीत एक वाद होतो. होऊ द्यावा, तेवढ्यात आपले चार ग्लास भरून होतात.

‘थंड केलं की जड होतं, मग फ्रीजमध्ये ठेवून थर लावू’ असंही एक काका सुचवतात. काकांचं शास्त्र बरोबर आहे, हिशोब नाही. पाणी तीस अंशांवरून पाच अंशांवर आणलं तर त्याचं वजन जेमतेम अर्धा टक्का वाढतं, म्हणजे एक टक्का साखर घातल्याइतकंच. तेवढ्यावर थर उभा राहत नाही. सगळं गार करून घ्यावं हे खरं, पण ते पिणाऱ्यांसाठी.

आता कृती. तीस ग्लासांना बरोबर एक किलो साखर लागते, हा या पाककृतीतला एकमेव सोपा आकडा. एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी मंद आचेवर ठेवा, साखर विरघळली की अर्धं लिंबू पिळा (म्हणजे पाकाचे खडे होत नाहीत) आणि गॅस बंद. तार बघत बसू नये, हे चिरोटे नव्हेत. उकळत ठेवला की पाणी उडतं आणि हिशोब तुमच्या हातातून शेगडीच्या हातात जातो. साधारण अकराशे मिली पाक होतो. तो पूर्ण गार होऊ द्या. कोमट पाक पातळ असतो, ओतताना पळतो आणि थराऐवजी ढग करतो.

तळमजला : कोकम. शंभर ग्रॅम बिनमिठाची आमसुलं सातशे मिली कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवून कुस्करा आणि गाळा. सहाशे मिली अर्क अधिक सहाशे मिली पाक. रंग असा गडद येतो की बाटलीतल्या रंगांची गरज पडत नाही. ‘घरात कोकम आहेच की’ म्हणून फडताळातली बाटली कुणी आणून दिली, तर आधी लेबल वाचा, मग चाखा. अमृत कोकम आणि आगळ या दोन बाटल्या दिसायला सख्ख्या बहिणी. आगळात मीठ असतं. मीठही जड असल्यामुळे आगळाचा थर झकास बसतो, रेघ अगदी देखणी येते. मग पहिलं मूल स्ट्रॉ तळाला लावतं.

पहिला मजला : लिंबू. उरलेल्यातला चारशे ऐंशी मिली पाक, दहा-बारा लिंबांचा दोनशे मिली रस, चमचाभर मीठ आणि पावणेदोन लिटरच्या आत-बाहेर पाणी, एकूण दोन लिटर चारशे. पाण्यासारखं नितळ होत नाही, किंचित धुरकट राहतं. तेच हवं, कारण ते पांढरं दिसतं.

गच्ची : गोकर्ण. निळ्या गोकर्णाची सुकवलेली फुलं, लिटरला पन्नासेक, कडकडीत नाही अशा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळून घ्यायची. चार वेलदोडे ठेचून टाका, कारण या फुलांना निळेपणाखेरीज सांगण्यासारखी चव नाही. साखर शून्य. कुणी प्रेमापोटी दोन चमचे घालायला आलं तर हात धरावा. या निळ्याची गंमत अशी की आंबट लागलं की ते जांभळं होतं. म्हणजे लिंबाच्या सरबतावर निळं टेकलं की मधल्या रेषेवर जांभळी किनार आपोआप उमटते. ती आपण मुद्दाम काढली असं सांगायला हरकत नाही. सोडा मात्र इथे नको. सोडा जरासा आंबटच असतो, त्यामुळे निळ्याला आधीच जांभळी झाक येते, आणि बुडबुडे वर येताना खालचं बिऱ्हाड सामानासकट वर आणतात.

मध्ये लिंबूच का? लाल कोकमाला हिरवा वाळा लगटला की सीमेवर चिखलाचा रंग होतो. आंबट पिवळ्या पन्ह्यावर गोकर्ण ओतलं की जांभळं आणि पिवळं मिळून जे होतं त्याला नाव नाही. भांडखोर रंगांच्या मध्ये एक फिकट शेजारी लागतो. ‘मग दूध घाला की, पांढरंशुभ्र दिसेल!’ अशी सूचना येतेच. कोकमाच्या डोक्यावर दूध म्हणजे पाच मिनिटांत पनीर. दुधातलं केसीन हे प्रथिन पीएच 4.6 च्या आसपास गोळा होतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट), आणि कोकम-लिंबू त्याहून पुष्कळ आंबट. नारळाचं दूध तसं फाटत नाही, पण मधल्या रेषेवर गोड सोलकढी तयार होते. ती हवी असेल तर पार्टीऐवजी पंगत ठेवावी.

ओतायच्या आधी दोन परीक्षा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येकाचं शंभर मिली मोजा : कोकम 116-117, लिंबू 106-107, गोकर्ण 100. दोन मजल्यांत पाच-सहा ग्रॅमचा फरक असला तरी निभतं. दोनचा असेल तर निष्णात हात लागतो, आणि पार्टीच्या दिवशी हात लागतात ते भाच्यांचे. काटा नसेल तर वरच्या सरबताच्या ग्लासात खालच्याचा एक थेंब टाका. थेंब तडक तळ गाठत असेल तर ठीक. वाटेत विरघळून धूर होत असेल तर खालच्यात आणखी पाक.

पाक करायचाच नसेल तर दुकानातल्या बाटल्यांवर भागतं. आपल्याकडच्या नियमाने स्क्वॉशमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान 40 टक्के, क्रशमध्ये 55 आणि सिरपमध्ये 65 असावे लागतात, आणि त्यात बहुतेक साखरच. म्हणजे गुलाबाचं किंवा वाळ्याचं सिरप बरोबरीच्या पाण्याने पातळ केलं की तळमजला, चौपट पाण्याने केलं की पहिला मजला. नुसतं सिरप तळाला कधी ओतू नये. थर बसतो, पण पिणाऱ्याचे दात बसतात. खोक्यातला फळांचा रस असेल तर मागचा तक्ता वाचा : शंभर मिलीमागे साखर किती ग्रॅम. ज्याचा आकडा मोठा तो खाली. पल्पवाला आंब्याचा रस दाट दिसतो म्हणून तो जड असेलच असं नाही. दाटपणा निराळा, वजन निराळं. इथे पुष्कळजण फसतात.

तीनशे मिलीच्या ग्लासात लाल चाळीस मिली, पांढरट ऐंशी, निळं ऐंशी, बाकी बर्फ. क्रम महत्त्वाचा : आधी लाल, मग बर्फाचे तीन खडे, मग बाकीचं. शेवटी बर्फ टाकला की प्रत्येक खडा तळमजल्यापर्यंत डुबकी मारून वर येतो आणि येताना सगळ्यांना उठवतो. आधी टाकलेला बर्फ लालवर तरंगतो आणि वरून पडणारी धार अंगावर झेलतो. चमचा उलटा धरायचा, टोक ग्लासाच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि धार चमच्याच्या पाठीवर सोडायची. हा चमचा ग्लासात ढवळण्यासाठी नाही, हे जवळ उभ्या असलेल्यांना आधीच सांगून ठेवा. धार म्हणजे सुतळी नव्हे, शिवणाचा दोरा. पातेल्यातून ओतू नका. पातेलं आधी काहीच देत नाही, मग एकदम सगळं देतं. सॉसच्या नळीवाल्या बाटल्या धुऊन घ्या, त्या या कामासाठीच जन्मल्या आहेत.

तीस ग्लास चमच्याने भरायला पाऊण तास सहज जातो. म्हणून मला उलटी पद्धत जास्त आवडते. मेडिकलच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि हातभर नळी आणायची (औषधवाला एक क्षण रोखून बघतो, बघू द्या). ग्लासात आधी निळं ओतायचं, अगदी बेफिकीर, आणि त्यातच बर्फ. मग नळी तळाला टेकवून लिंबाचं सरबत खालून सोडायचं. निळं गच्चीसकट वर उचललं जातं. मग तसंच कोकम. नळी बाहेर काढताना तिचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर जाता जाता ती तीन लाल थेंब ठेवून जाते. इमारत वरून खाली बांधायची, असा प्रकार. बिल्डरला जमत नाही, साखरेला जमतं.

लावलेले थर आपणहून फारसे मोडत नाहीत. ग्लास शांत उभा असेल तर तासाभरात रेघ मिलिमीटर-दोन मिलिमीटर धूसर होते, बस्स. वितळलेल्या बर्फाचं पाणी हलकं, ते गच्चीवरच राहतं. निळं फिकटतं, बाकी शाबूत. फजिती होते ती ट्रे उचलताना. ग्लास काठापासून दोन बोटं रिकामा ठेवा आणि ट्रे दोघांनी धरा, दोघं एकमेकांशी बोलत असतील असे धरा.

सब्जा घालायचा तर चमचाभर बी अर्धी वाटी पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून निथळा आणि लिंबाच्या मजल्यात सोडा. फुगलेला सब्जा पाण्याहून जरा जड आणि कोकमाच्या पाकाहून हलका, त्यामुळे तो निळ्यात चढत नाही, लालमध्ये बुडत नाही, आणि मधल्या मजल्याला काळे ठिपके देतो.

खरा घोळ ग्लासांचा. एकदा वापरून फेकायचे पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास महाराष्ट्रात 2018 पासून बंद, देशभर 1 जुलै 2022 पासून, आणि प्लास्टिकच्या स्ट्रॉही त्याच यादीत. कागदी कपात थर दिसत नाहीत. घरचे पेले स्टीलचे. त्यात तुम्ही सात रंग लावा, वरून सगळं एकच दिसणार. म्हणजे चार घरांतून काचेचे ग्लास गोळा करणं आलं, आणि ‘आमचे सहा होते’ हा पुढच्या महिनाभराचा विषय. प्रत्येक घराच्या ग्लासांना बुडाशी वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. कागदी स्ट्रॉ शेवटच्या क्षणी द्या, दहा मिनिटांत तिचा लगदा होतो. आधी घालून ठेवली तर फोटोत ती वाकलेलीच येते.

फोटो मात्र ग्लास मुलांच्या हाती देण्याआधीच काढा. अगोदर कितीही समजावून सांगा, मूल ग्लास घेतं, एकदा उजेडात धरून ‘वॉव’ म्हणतं आणि गरागरा ढवळतं. त्या क्षणी निळ्यात लिंबू गेलेलं असतं, त्यामुळे सगळं मिळून गुलाबी-जांभळं होतं आणि मुलांना थरांपेक्षा तेच जास्त आवडतं. चवीलाही ढवळलेलंच बरोबर लागतं, कारण बाराशे मिली कोकमात अर्धा किलोच्या वर साखर आहे आणि गोकर्णात ती नावालाही नाही. न ढवळता पिणाऱ्याला आधी पाक, मग सरबत, मग नुसतं वेलदोड्याचं पाणी, अशी तीन वेगळी पेयं मिळतात. आजींना हे पहिल्यापासून माहीत असतं. त्या स्वतःचा ग्लास केव्हाच ढवळून बसलेल्या असतात.

पातेल्यांत उरलेलं तिन्ही एकत्र करून कुल्फीच्या साच्यात घाला. वेगवेगळं गोठवू नका : एकट्या कोकमात साखर इतकी आहे की ते घरच्या फ्रीझरमध्ये कडक होत नाही, लगदाच राहतो, आणि एकट्या गोकर्णाच्या कांड्या कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.