मांजरेकरांच्या वाढदिवसाला केक नको, कुस्करा करा

आज १२ जुलै. माजी क्रिकेटपटू आणि समालोचक संजय मांजरेकरांचा वाढदिवस. म्हणजे दुपारपर्यंत तेच मीम पुन्हा फिरणार: बॅट तलवारीसारखी फिरवणारा अष्टपैलू रवींद्र जडेजा आणि खाली 'बिट्स अँड पीसेस'. ते मीम आता पार शिळं झालंय. आणि शिळ्याचं काय करायचं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

आधी मूळ प्रकरण. २०१९ च्या विश्वचषकात, जुलैच्या सुरुवातीला मांजरेकर म्हणाले की वनडेतला जडेजा हा तुकड्यातुकड्यांचा खेळाडू आहे आणि असे खेळाडू आपल्याला फारसे पसंत नाहीत. कसोटीत तो निव्वळ गोलंदाज आहे, पण पन्नास षटकांत आपण एक फलंदाज आणि एक फिरकीपटू घेऊ. जडेजानं ट्विटरवर जाहीर सुनावलं: तुमच्या दुप्पट सामने खेळलोय आणि अजून खेळतोय. हिशेब चोख होता, मांजरेकरांचे वनडे ७४. मग १० जुलैला मँचेस्टरला, न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या राखीव दिवशी, जडेजानं आधी सीमारेषेजवळून थेट फेक करून टेलरला धावबाद केलं आणि पुढच्याच चेंडूवर लॅथमचा झेल घेतला. ६ बाद ९२ वर फलंदाजीला आला तो ५९ चेंडूंत ७७ करून गेला. भारत १८ धावांनी हरला, पण दोनच दिवसांवर आलेल्या मांजरेकरांच्या वाढदिवसाची भेट पोचली होती. त्यांनी कॅमेऱ्यासमोर सरळ कबूल केलं की यानं मला सगळीकडून फाडून काढलं. समालोचकांच्या जमातीत इतकं तरी किती जण करतात?

आमचं मत असं की मांजरेकरांचा मुद्दा क्रिकेटचाच होता, माती खाल्ली ती शब्दांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्याच्या ईडनवर, गुलाबी चेंडूच्या कसोटीत, त्यांनी सहसमालोचक हर्षा भोगलेंना 'आम्ही खेळलोय, तुम्हाला विचारावं लागतं' अशा थाटात जे ऐकवलं ते याहून वाईट होतं. त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही, कारण त्यावर मीम बनत नाही.

'बिट्स अँड पीसेस' हा शब्दप्रयोग मांजरेकरांच्या पदरचा नव्हे, इंग्लिश क्रिकेटमध्ये तो जुनाच आहे: थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग, धड एकही नाही. मराठीत मात्र पोळीच्या तुकड्यांना फोडणी दिली की त्याचा कुस्करा होतो, काही घरांत त्याला माणिकमोती म्हणतात. तर आज तेच. आणि न्यायाचं म्हणून दोन वाट्या: एक मुंबईकराची कोरडी, एक जामनगरकराची ताकातली. काठियावाडात उरलेल्या रोटलीची ताकातली वघारेली रोटली, म्हणजे फोडणीची पोळी, करतात, ती जडेजाच्या घरची बाजू समजा.

चौघांसाठी कालच्या १२ पोळ्या लागतील, ८ कोरड्यासाठी, ४ ताकासाठी. कालच्याच हव्यात. ताज्या पोळीत ओल आणि मऊपणा असतो, ती कुस्करली की गोळे होतात आणि कढईत त्यांचा लगदा होतो. रात्रभरात पोळी ताठरते, म्हणून तुकडे सुटे राहतात. पण जुलै आहे. गरम पोळ्या डब्यात कोंडून ठेवल्या तर वाफेचं पाणी सुटतं आणि सकाळी त्या चिकट, कधी बुरशीही. पूर्ण गार करून कापडात गुंडाळा, रात्री दमट हवा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. वास आला तर सरळ टाकून द्या, फोडणीनं तो झाकत नाही.

तुकडे हातानं करायचे, अंगठ्याच्या नखाएवढे. मिक्सरचा मोह इथेच नडतो. दोन फेऱ्या जास्त झाल्या की खाली पीठ जमतं, ते सगळं तेल पिऊन टाकतं आणि वरचे तुकडे कोरडे ठणठणीत राहतात. लावायचाच तर एका वेळी ३ पोळ्या, बटण दाबून लगेच सोडायचं, तीन-चारदा. बस.

कोरड्यासाठी लोखंडी कढईत ३ टेबलस्पून तेल. १ चमचा मोहरी पूर्ण तडतडू द्या, अर्धी कच्ची राहिली तर कडू लागते. मग ३ टेबलस्पून शेंगदाणे मंद आचेवर तांबूस होईपर्यंत. दाणे नंतर घातले तर कच्चट राहतात. अर्धा चमचा जिरं, पाव चमचा हिंग, ८-१० कढीपत्त्याची पानं, ३ हिरव्या मिरच्या, मग २ मध्यम कांदे बारीक चिरून. कांदा फक्त पारदर्शक करा. लाल केला की त्याचा ओलावा जातो, आणि पोळीला मऊ करणारा अर्धा ओलावा तोच असतो. अर्धा चमचा हळद, पाऊण चमचा मीठ (कणकेत मीठ घालत असाल तर अर्धाच), १ चमचा साखर. तुकडे घालून परता, वर ३-४ टेबलस्पून ताक शिंपडा. शिंपडा म्हणजे बोटांनी, वाटी ओतायची नाही. झाकण ठेवून ३ मिनिटं मंद आच, मग झाकण काढून २ मिनिटं न हलवता. तळाला जी खरपूस पापडी धरते तिच्यासाठी घरात भांडणं होतात, आणि नॉनस्टिकमध्ये ती तशी धरत नाही. शेवटी अर्धं लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं.

ताकातल्यासाठी अर्धी वाटी आंबट दही, दीड वाटी पाणी आणि १ चमचा बेसन आधीच गुठळ्या मोडून घुसळा. बेसन नसलं तर ताक फुटतं. २ टेबलस्पून तेलात मोहरी, जिरं, हिंग, मग ५-६ पाकळ्या लसूण १ चमचा लाल तिखटाबरोबर ठेचून. ही चटणी घालताना गॅस बंद. गरम तेलात तिखट काही सेकंदांत काळं पडतं आणि अख्खी वाटी कडवट होते. अर्धा मिनिट परतून ताक घाला, गॅस बारीक करून लावा, उकळी येईपर्यंत ढवळत राहा. मीठ उकळी आल्यावर, आधी घातलं तर फुटायची भीती जास्त. मगच तुकडे, ३ मिनिटं, आणि लगेच पानात. गुजराती रोटली पातळ आणि बिनघडीची, पटकन मुरते. आपली घडीची पोळी एखादं मिनिट जास्त मागते. दहा मिनिटं ठेवलंत तर रस्सा गायब आणि लापशी तयार. तसं झालंच तर अर्धी वाटी गरम पाणी घालून सारखं करा. थंड ताक वरून ओतू नका.

म्हणजे ही वाटी शेवटी करायची. मुंबईकर कढईत थोडा वेळ थांबू शकतो, जामनगरकराला थांबवायचं नाही.