पॅच लावा आणि बिनधास्त राहा? कसलं बिनधास्त!

फॅमिली ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आणि किडनी बिघडते. त्यापेक्षा पॅच लावा. औषध कातडीवरच राहतं, रक्तात जात नाही. दुखतं तिथेच चिकटवा, वरून शेक द्या, महाग वाटला तर अर्धा कापून वापरा.’ मेडिकलच्या काउंटरवर लोक हे मोबाइलवर दाखवून पॅच मागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गोळ्यांबद्दलचं अर्धं खरं आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकतात. पण म्हणून ‘पॅच’ नावाची सगळी जात निरुपद्रवी ठरत नाही. डायक्लोफेनॅकचा, लिडोकेनचा (जागा बधिर करणारं औषध) आणि फेंटानिलचा (मॉर्फिनच्या, म्हणजे अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक) पॅच दिसायला सख्खी भावंडं, पण काम अगदी वेगळं. संदेशाने तिघांना एकाच पिशवीत कोंबलंय.

‘रक्तात जात नाही.’ फेंटानिल रक्तात जाण्यासाठीच असतं. ते कातडीतून खालच्या चरबीत साठतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरत राहतं. म्हणूनच तो पॅच दुखऱ्या गुडघ्यावर नाही, तर छातीवर, पाठीवर किंवा दंडावर लावतात. एक पॅच साधारण 72 तास चालतो. त्याच जातीच्या ब्युप्रेनॉर्फिनचा 7 दिवस. फेंटानिलचा पूर्ण परिणाम दिसायला 12 ते 24 तास लागतात. ‘सकाळी लावला, दुपारी फरक नाही’ म्हणून दुसरा चिकटवणारे इथेच फसतात. हे औषध मॉर्फिनच्या 50 ते 100 पट तीव्र आहे आणि आधीपासून मॉर्फिनसारखी औषधं नियमित घेणाऱ्यांसाठीच आहे. शेजारच्या काकांचा उरलेला पॅच आजीच्या कंबरेला लावणं जिवावर बेतू शकतं.

‘वरून शेक द्या.’ संपूर्ण संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच. उष्णतेने कातडीतली रक्तवाहिनी फुलते आणि तीन दिवसांत जायचं औषध भराभर आत शिरतं. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, कढत पाण्याची अंघोळ, भर उन्हात बसणं, सगळं यात आलं. जास्त ताप आला तरी तेच होतं. तेव्हा डॉक्टरांना कळवायचं.

‘अर्धा कापा.’ लिडोकेनचा पॅच लावण्याआधी कापता येतो, तो दुखऱ्या जागीच लावतात आणि 24 तासांत 12 तासांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. ही सवलत फेंटानिलला नाही. तिथे डोस कमी करायचा तर कमी ताकदीचा पॅच डॉक्टर लिहून देतात.

वापरून काढलेल्या फेंटानिल पॅचबद्दल संदेशात अक्षरही नाही. खरं तर त्यात बरंच औषध शिल्लक असतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, 2012 मध्ये सांगितलं होतं की, आधीच्या 15 वर्षांत लहान मुलांचा या पॅचशी चुकून संपर्क आल्याच्या 26 घटना नोंदल्या गेल्या. त्यांतली 10 मुलं दगावली. रांगत्या मुलाला जमिनीवर पडलेला पॅच स्टिकरच वाटणार. म्हणून चिकट बाजू आतल्या आत येईल अशी घडी घालायची, पोरांचा हात पोचणार नाही तिथे ठेवायचा आणि विल्हेवाट कशी लावायची हे पॅच देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. नवा लावताना आधी जुना काढायचा, जागा बदलायची, तळहाताने 30 सेकंद दाबून धरायचा आणि तारीख-वेळ कॅलेंडरवर टिपून ठेवायची.

याच संदेशाखाली ‘ही नशेची औषधं, लावूच नका’ असंही कुणीतरी लिहितंच. तेही चूक. कॅन्सरच्या वेदनेत, गोळी गिळता येत नसताना फेंटानिलचा पॅच मोठा आधार असतो. अशी औषधं गरजूंना मिळावीत म्हणून तर 2014 मध्ये एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यात, दुरुस्ती झाली.

फेंटानिलसारखा पॅच लावलेला माणूस हाका मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील, तर पॅच काढा आणि 108 ला फोन करा. पाठीवर जुना विसरलेला पॅच नाही ना, तेही बघा. थोडा शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, कारण पॅच काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध कित्येक तास रक्तात उतरत राहतं.