नागपूरला तीन-तीन चॅनेल, आम्हाले खरखर

सोमवारच्या बाजारात नदीपलीकडच्या गावचे मामा भेटले. भेटल्या भेटल्या सुरू, "काहून रे बाप्पा, तुमचा रेडिओ आमच्या वावरात काहून नाई लागत? बोंडअळीचा कार्यक्रम अर्धाच आयकू आला."

काय सांगू त्यांना? आमचा सामुदायिक रेडिओ, म्हणजे गावासाठी चालवलेलं छोटं केंद्र. त्याला 100 वॅट ताकद, मनोरा 30 मीटरच्या वर न्यायचा नाही. आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर, पुढे नुसती खरखर. मामांचं वावर अठरा किलोमीटरवर. पऱ्हाटीवरची अळी किलोमीटर मोजून थांबते का?

नदीपलीकडे दुसरं केंद्र टाकता येईल का म्हणून विचारायला गेलो होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "फ्रिक्वेन्सी नाही." बरं बाबा, नाही तर नाही. आलो परत, एस. टी.चं तिकीट अंगावर घेऊन.

आणि आता वाचतो काय, तर जागाच जागा! दूरसंचार अन् प्रसारणाचं नियमन करणाऱ्या ट्रायने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटल रेडिओबद्दल शिफारशी केल्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर जुना अ‍ॅनलॉग चॅनेल, सोबत तीन डिजिटल आणि वर एक डेटा चॅनेल. म्हणजे जिथे एक गाडी उभी राहायची तिथे आता पाच मावतात. पण कोणाच्या? खाजगी एफएमवाल्यांच्या. सुरुवात 13 मोठ्या शहरांत, त्यात विदर्भातलं एकटं नागपूर. नव्या फ्रिक्वेन्सी लिलावाने. आम्ही बोली कशाची लावावी, तुरीच्या कट्ट्यांची?

नागपूरकरांनी ऐकावं, माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण तीच ती गाणी आणि फ्लॅटच्या जाहिराती तीन जादा चॅनेलवर वाजवायला जागा निघते, अन् मामांना फवारणी कधी करायची ते सांगायला निघत नाही? हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय. जनता काय फक्त नागपूरच्या सीताबर्डीवर राहते?

आमच्यावर अटी मात्र भरपूर. निम्मा कार्यक्रम स्थानिक पाहिजे, तो तर आम्ही आनंदाने करतो. जाहिरात तासाला 12 मिनिटंच, तीही देणार कोण, कृषी केंद्रवाला? तो उधारी मागायला येतो! स्वतःची बातमी द्यायची नाही, फक्त आकाशवाणीची लावायची, जशीच्या तशी नाहीतर आपल्या बोलीत भाषांतर करून. गावात गारपीट झाली की प्रशासनाने दिलेली माहिती तेवढी सांगायची, आपण गोळा केलेल्या बातमीवर मात्र तोंड शिवून बसायचं.

डिजिटल सेट घेणार कोण, हा वेगळाच घोर. इथे सेलवरचा रेडिओ अजून रबर बांधून चालतो. तरी म्हटलं, गावाच्या नावाने एक चॅनेल आजच राखून ठेवा, सेट येतील तेव्हा येतील. सगळं वाटून झाल्यावर आम्ही गेलो की तेच टेबल, तेच साहेब, "फ्रिक्वेन्सी नाही."

येत्या सोमवारी बाजारात मामा पुन्हा भेटतीलच. मी भाजी दुसऱ्या टोकाकडून घेणार आहे.