तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडून बसवलेल्या थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे खोलीचं तापमान बघून बॉयलरला (घर तापवणाऱ्या यंत्राला) चालू-बंद व्हायला सांगणाऱ्या उपकरणाबद्दल, तुमच्या तक्रारी तीन आहेत. हॉल गारठलेला असताना थर्मोस्टॅट २१ अंश दाखवतो, रात्री-अपरात्री त्याचा बॉयलरशी संपर्क तुटतो, आणि फोन केला तर चार दिवस आमच्याकडून कोणी फिरकलं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत की आम्ही बोगस माल गळ्यात मारला.

फोनचं आधी. ऐन थंडीत हीटिंग बंद पडलेल्या घरातून फोन आला, तर त्याच दिवशी उलट फोन जायला हवा होता. तो गेला नाही. माफ करा.

माल बोगस आहे, हे मात्र मला मान्य नाही. परवा मी स्वतः येऊन गेलो तेव्हा तुम्ही कामावर होतात, म्हणून काय दिसलं ते इथेच सांगतो. थर्मोस्टॅट टीव्हीमागच्या फळीवर, सेट-टॉप बॉक्सला खेटून ठेवलेला होता. तिथे हात घातला तर हवा चांगली कोमट लागली. मी माझा साधा थर्मामीटर जेवणाच्या टेबलावर ठेवला. अर्ध्या तासाने त्याच्यावर १८ होते. म्हणजे थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता, टीव्हीमागचं तापमान खरंखरं सांगत होता! वायरलेस असल्यामुळे तो कुठेही ठेवता येतो, आणि मग कुठेही ठेवला जातो. आतल्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, रेडिएटर (खोली तापवणारं पॅनेल), ऊन, पडदा आणि दाराचा झोत यांच्यापासून लांब, हे बसवतानाच सांगायचं काम आमच्या माणसाचं होतं.

संपर्क तुटण्याचं खापर तर सरळ आमच्यावर. आमच्या फिटरने रिसीव्हर, म्हणजे थर्मोस्टॅटचा सिग्नल घेऊन बॉयलर चालू-बंद करणारा डबा, बॉयलरच्या पत्र्याला चिकटवून बसवला होता. रेडिओ लहरींना पत्रा म्हणजे भिंतीहून वाईट. खात्री करायला मी थर्मोस्टॅट रिसीव्हरजवळ धरून दहा-बारा वेळा चालू-बंद केला, एकदाही चुकला नाही. हॉलमध्ये नेऊन केला तर तीनदा चुकला. उपकरणच बिघडलेलं असतं तर जवळही चुकलं असतं. शिवाय आत रिचार्जेबल सेल होते. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ चे, काही थर्मोस्टॅट तेवढ्यानेही ‘बॅटरी कमी’ म्हणून कुरकुरतात. रिसीव्हर बाजूच्या भिंतीवर हलवला, सेल बदलले, पेअरिंग, म्हणजे थर्मोस्टॅट आणि रिसीव्हरची जोडणी, नव्याने केलं. तुमच्या मॉडेलमध्ये सिग्नल बराच वेळ आला नाही की रिसीव्हर बॉयलर बंद करतो, म्हणून पहाटे घर थंड पडायचं. पुन्हा कधी असं झालंच तर रिसीव्हरवरचं बटण दाबून बॉयलर हाताने चालू करता येतो. हेही तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी मोबाइलवर चालणारा महागडा घेईन, असं तुम्ही लिहिलंय. जरूर घ्या, पण टीव्हीमागे ठेवलात तर तोही २१ च दाखवेल. घेताना खरं बघायचं ते बॉयलरला काय चालतं: नुसता चालू-बंद संपर्क, की ओपनथर्मसारखी जोडणी, जिच्यात बॉयलर ज्योत कमी-जास्तही करतो. चालू-बंद संपर्कातही बॉयलर मेन्सचा व्होल्टेज मागतो की कोरडा, म्हणजे स्वतःचा व्होल्टेज नसलेला संपर्क, हे न बघता जोडलं तर बॉयलरचा बोर्ड जळू शकतो.

आणि हो, हॉलमधल्या रेडिएटरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की गरम पाणी आपोआप अडवणारी तोटी) २ वर होता, तो मी पूर्ण उघडून ठेवलाय. खोलीत थर्मोस्टॅट असताना व्हॉल्व्हही अडवत बसला, तर खोली ठरवलेल्या तापमानाला पोचतच नाही आणि बॉयलर उगाच चालत राहतो.

महिनाभर बघा. संपर्क पुन्हा तुटला तर थर्मोस्टॅट परत घेऊन पूर्ण पैसे देतो. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. फोनबद्दलचं वाक्य तर राहू द्याच, ते मी आमच्या ऑफिसात वाचून दाखवलंय. थर्मोस्टॅट आता जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर आहे. तेवढा तिथून हलवू नका.