टाकी भरलेली की रिकामी? ग्रास कटरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेणणीआधी, म्हणजे बागेतलं गवत कापायच्या आधी, ग्रास कटर कसा तपासावा या लेखावर राजापूरहून आलेली तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, आणि दोन ओळींत उडवून लावण्यासारखी नाही. म्हणून हे वेगळं उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टाकी रिकामी करून यंत्र ठेवलं की कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला पातळ रबरी पडदा) सुकतो, तेव्हा टाकी भरलेलीच बरी. तेल मोजत बसू नये, जास्त पडलं तर इंजिनाचं भलंच होतं. कार्ब्युरेटर दरवर्षी जातोच, नवा टाकून मोकळं व्हावं. आणि एवढी उठाठेव करण्यापेक्षा परदेशात असतं तसं बसून चालवायचं यंत्र का घेऊ नये? शिवाय ताजा कलम, पात्याचा नट सुटत नाही.

डायफ्राम सुकतो हे खरं आहे. सतत पेट्रोलात भिजणारं रबर कोरडं पडलं की थोडं आकसतं. पण आपल्याकडे यंत्र किती काळ बंद असतं ते बघा. लावणी उरकली की पहिली बेणणी, पाऊस गेल्यावर दुसरी, पौष-माघात बागेभोवती वणवा अडवायला जाळरेषा. त्यानंतर यंत्र मांगरात (बागेतल्या खोपटात) टांगलं की थेट पुढच्या श्रावणात खाली उतरतं. मधल्या पाच-सहा महिन्यांत मे महिन्याचा उकाडा येतो आणि जून-जुलैची ओल येते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलातला हलका भाग झाकणाच्या श्वासछिद्रातून उडून जातो, आणि उरलेला चिकट राळ जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या इंधन सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतो.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. हवेतून ते सावकाश ओढलं जातं, एका रात्रीत काही होत नाही. खरं पाणी येतं ते सैल झाकणाच्या कॅनमधून आणि पावसात टाकी भरताना. पाणी पुरेसं झालं की मिश्रण फुटतं: इथेनॉल आणि पाणी तळाला, पेट्रोल वर. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलातच तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलाबरोबर जातं, आणि टाकीतल्या नळीचा वजनदार फिल्टर असतो तळाशी. म्हणजे इंजिन आधी तेच पितं ज्यात तेल जवळपास नाही. अशा इंधनावर इंजिन चालू झालं तर पिस्टन ओरखडायला फार वेळ लागत नाही. शंका असेल तर जुनं इंधन पारदर्शक बाटलीत दहा मिनिटं ठेवा. आडवी रेघ दिसली तर ते कुठल्याच इंजिनात घालू नका, आणि विहिरीच्या बाजूला तर अजिबात ओतू नका.

म्हणून भरलेली टाकी हा उपाय नाही. तुमच्या शंकेचा मान राखणारा एक मार्ग मात्र आहे. दर तीन-चार आठवड्यांनी ताजं मिश्रण पेलाभर घालून इंजिन चांगलं तापेपर्यंत, निदान पाच मिनिटं, कामाच्या वेगावर चालवा. नुसतं दोरी ओढून फुरफुरवून बंद केलं तर फायद्यापेक्षा ओल जास्त जमते. एवढं जमणार नसेल (मुंबईहून सणासुदीला येणाऱ्यांना ते जमत नाहीच) तर टाकी रिकामी करा, प्रायमरचा रबरी फुगा कोरडा होईपर्यंत दाबा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग चोक लावून पुन्हा एकदा. गार झाल्यावर प्लग काढून भोकातून ५ मिली टू-स्ट्रोक तेल सोडा, दोरी हळूच तीन-चार वेळा ओढा, प्लग बसवा आणि दोरी जड लागेल तिथे थांबवा. तिथे पिस्टन वर असतो आणि सिलिंडरची दारं झाकलेली राहतात. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा ठेवा, नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. बोळा लाल रंगाचा असावा, म्हणजे श्रावणात तो काढायचा राहत नाही.

आता तेल. तेल आणि पेट्रोलाचं प्रमाण १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. कुठलं प्रमाण धरायचं ते यंत्राची पुस्तिका ठरवते, गॅरेजवाला नाही. बऱ्याच नामांकित यंत्रांना त्यांच्या शिफारशीच्या तेलावर १:५० चालतं, बाजारातल्या अनेक ५२ सीसी चिनी यंत्रांना १:२५ सांगितलेलं असतं. अंदाजाने ओतलं की लिटरला १०० मिली सहज पडतं. जेटचं भोक तेवढंच असतं. त्यातून जाणाऱ्या इंधनातला सुमारे ९ टक्के भाग तेलाचा झाला, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी गेलं. हवा तीच आणि पेट्रोल कमी, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापतं. त्यात इथेनॉलचा हिशेब वेगळा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन मुळात जास्त हवं असताना तुम्ही ते आणखी कमी देता.

न जळलेलं तेल जातं कुठे? प्लगवर, सिलिंडरच्या धूर जाण्याच्या दारावर आणि सायलेन्सरमधल्या बारीक जाळीवर काजळी होऊन बसतं. रिकाम्यात छान चालणारं इंजिन पातं गवतात घातलं की दबत असेल, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी ती जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करा. जाळी कायमची काढून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. माघातल्या वाळक्या गवतात ठिणगी अडवणारी तीच एक वस्तू आहे.

किनाऱ्यावरची आणखी एक खास चूक म्हणजे होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ तेल. घरात डबा असतोच, म्हणून तेच वापरलं जातं. ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी आहे. ग्रास कटर हवेवर गार होतो, सिलिंडर कितीतरी जास्त तापतो. जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, तेल घ्या. मोजायला औषधाच्या दुकानातली सिरिंज पुरते. कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग तेल, हलवून उरलेलं पेट्रोल, आणि महिन्याभरात संपेल एवढंच. फोर-स्ट्रोकवाल्यांनी यातलं काहीच करू नये. होंडाच्या जीएक्स ३५ सारख्या ३५.८ सीसी इंजिनात साधं पेट्रोल आणि वेगळं १०डब्ल्यू-३० तेल जातं, तेही फक्त १०० मिली. जास्त भरलं तर ते श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये येतं आणि पांढरा धूर सुरू होतो. पहिलं तेल १० तासांनी बदलायचं, नंतर दर ५० तासांनी.

कार्ब्युरेटर दरवर्षी जातो, यावर माझं स्पष्ट मत आहे: तो जात नाही, त्यातली रबरं जातात. टू-स्ट्रोक कटर चोक लावल्यावर चालू होऊन चोक काढताच बंद पडत असेल, तर इंधन कमी पोचतंय. आधी झाकण सैल करून बघा. तेवढ्याने चालला तर श्वासछिद्र बुजलंय. मग प्रायमरचा फुगा दाबा. तो भरतच नसेल तर नळीला चीर आहे. इथेनॉलने जुन्या नळ्या एकतर मऊ चिकट होतात नाहीतर वाकवल्यावर तडकतात, आणि चीर बहुधा टाकीच्या भोकापाशी असते. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून काढा, काळा पडला असेल तर बदला. एवढं होऊनही फरक नसेल तरच कार्ब्युरेटर खोला.

त्यात दोन पातळ पडदे असतात, एक इंधन ओढणारा आणि एक मोजून सोडणारा. मोजणारा बोटाने दाबल्यावर मऊ हलला पाहिजे, पापडासारखा कडकडला तर गेला. पडदे आणि गॅस्केटचा संच वेगळा मिळतो आणि अख्ख्या कार्ब्युरेटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. नेताना कार्ब्युरेटरवर कोरलेला क्रमांक न्या, नुसतं "बावन सीसीचा द्या" म्हटलं तर भलताच मिळतो. उघडताना फोटो काढा, कारण गॅस्केट आणि पडद्याचा क्रम दोन्ही बाजूंना बहुधा उलट असतो, आणि चुकीचा बसला की इंधन चढतच नाही. जेट साफ करायला तांब्याची तार घालू नका, भोक मोठं झालं की परत लहान होत नाही. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा, तोही पडदे काढल्यावरच.

आणि दोष खरंच तेलाचा की आणखी कशाचा, हे पाहायचं असेल तर सायलेन्सर काढून दारातून पिस्टन बघा. या बाजूला उभे ओरखडे असतील तर तेल कमी पडलंय किंवा मिश्रण पातळ झालंय. कार्ब्युरेटर काढून त्या बाजूने ओरखडे दिसले तर जांभ्याची लाल धूळ आत गेली आहे, म्हणजे एअर फिल्टर फाटका किंवा गायब. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून, तेलाचे दोन-तीन थेंब चोळून बसवायचा.

बसून चालवायचं यंत्र शाळेच्या मैदानाला किंवा रिसॉर्टच्या सपाट हिरवळीला ठीक. उताराची मर्यादा त्यांच्या पुस्तिकांमध्ये साधारण १५ अंश असते. आपल्या कलमांच्या बागा, मधले गडगे, गवतात लपलेले चिरे... एक चिरा पात्याला लागला की पात्याचा दांडा वाकतो आणि काम थांबतं. पेट्रोलचं दुखणंही त्यात सुटत नाही. तिथे पडद्यांऐवजी कार्ब्युरेटरखाली वाटी असते आणि राळ तिच्यात बसतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं.

राहिला नट. त्याला बहुतेक यंत्रांत उलटे आटे असतात, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. तुम्ही बहुधा तो आणखी आवळत होतात. प्लगची टोपी काढून ठेवा, गिअरबॉक्सच्या बाजूच्या भोकात यंत्राबरोबर आलेली सळी घालून पातं अडेपर्यंत फिरवा, आणि गंज असेल तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. हातोडा मारू नका, आतले दाते तुटतात. पातं निघालंच आहे तर गिअरबॉक्सचा ग्रीसचा बोल्टही उघडा. लिथियम ग्रीस पाऊण भागापर्यंत भरा, गच्च नको, कारण तापून फुगलेलं ग्रीस सील फोडून बाहेर येतं. हे दर २५ तासांनी. नटाच्या कडा झिजून पाना घसरत असेल तर नवाच घ्या, आणि दुकानात उलट्या आट्यांचा नट हवा हे आधी सांगा.